एक पिक्सेल, एक गुंठा: शहापूर-मुरबाडचं जंगल आणि पाणी उपग्रहाला कसं दिसतं?

युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांचं चित्र टिपतात. सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून घेतलेल्या या चित्रातला सगळ्यात लहान चौकोन, म्हणजे एक पिक्सेल, जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो. क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. सातबाऱ्यावरचा एक गुंठा भरतो सुमारे १०१ चौरस मीटर.

म्हणजे पाडा शहापूरच्या कितीही आत असो, तिथल्या जवळपास प्रत्येक गुंठ्याची नोंद अवकाशात होत असते. ही चित्रं फुकट मिळतात. मोबाईलवरही पाहता येतात.

ऐकायला भारी वाटतं. पण याच प्रकारच्या चित्रांवरून जंगल वाढलं की घटलं हे ठरतं. आदिवासी कुटुंबाचा वनहक्काचा दावा खरा की खोटा, हे ठरवायलाही अशी चित्रं वापरली गेली आहेत. पश्चिम घाटातलं कोणतं गाव 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील', याची यादीही उपग्रहाच्या आधारानेच बनली. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्यावरून 'निसार' हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रह झेपावला आणि या नजरेला आणखी धार आली.

म्हणून ही नजर नेमकं काय पाहते, काय पाहू शकत नाही आणि तिच्या चित्राचा अर्थ कोण लावतं, हे समजून घ्यायला हवं. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांइतकं चांगलं उदाहरण क्वचित सापडेल. मुंबईचं पाणी इथे आहे, सह्याद्रीचं जंगल इथे आहे आणि त्या जंगलात पिढ्यान् पिढ्या कसणारी माणसंही इथेच आहेत.

उपग्रह 'पाहतो' म्हणजे काय करतो?

आपल्या डोळ्यांना लाल, हिरवा, निळा अशा रंगांचा प्रकाश दिसतो. उपग्रहावरच्या कॅमेऱ्याला त्यापलीकडचा अवरक्त प्रकाशही दिसतो. खरी गंमत तिथेच आहे.

हिरवं, जिवंत पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं. वाळलेलं पान किंवा उघडी माती तसं करत नाही. पाणी तर अवरक्त प्रकाश जवळपास पूर्ण गिळून टाकतं, म्हणून त्या चित्रात तलाव काळाकुट्ट दिसतो. लाल आणि अवरक्त प्रकाशातल्या फरकावरून हिरवाईचा एक आकडा काढला जातो. त्याला 'एनडीव्हीआय' म्हणतात. हा आकडा जितका जास्त, तितकी हिरवळ दाट.

हे तंत्र नवं नाही. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ मध्ये गेला. भारताचा आयआरएस-१ए हा पहिला दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ ला सोडला गेला. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झालं. राज्य सरकारच्या खात्यांना जमीन, पाणी, जंगल आणि पिकांचे उपग्रह नकाशे पुरवणारी ही संस्था.

मोठा बदल झाला २००८ मध्ये. लँडसॅटचा सगळा जुना साठा अमेरिकेनं फुकट खुला केला. २००९ मध्ये इस्रोनं 'भुवन' हे पोर्टल आणलं. आधी फक्त सरकारी कार्यालयात दिसणारं चित्र आता कोणालाही पाहता येऊ लागलं.

पाणी: तलाव दिसतो, टँकर दिसत नाही

मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत. त्यांची एकूण उपयुक्त साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातले भातसा, तानसा, मोडकसागर आणि मध्य वैतरणा हे चार तलाव शहापूर तालुक्यात आणि त्याच्या वेशीवर पसरलेले आहेत. या चौघांची बेरीज ११,८४,५७२ दशलक्ष लिटर होते. म्हणजे मुंबईच्या एकूण साठ्याच्या ८० टक्क्यांहून जास्त. एकट्या भातसाचा वाटा जवळपास निम्मा.

उपग्रहाच्या चित्रात हे तलाव अगदी ठळक दिसतात. ऑक्टोबरमधलं चित्र आणि मे महिन्यातलं चित्र शेजारी ठेवलं, तर पाण्याचा काळा आकार कसा आक्रसत जातो ते शाळकरी मुलालाही समजेल. पाण्याचं पसरलेलं क्षेत्र आणि तलावाच्या तळाचा नकाशा एकत्र केला की साठाही मोजता येतो. वर्षानुवर्षं गाळ किती साचला, याचा अंदाजही याच पद्धतीनं काढतात.

पण याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात गावपाड्यांना टँकरनं पाणी द्यावं लागतं. तलाव समोर दिसतो आणि बाया हंडा घेऊन आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरतात, अशी दृश्यं ठाणे जिल्ह्याला नवी नाहीत. या तालुक्यासाठी शेवटी नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना मंजूर करावी लागली.

हा विरोधाभास उपग्रहाला का दिसत नाही?

कारण तो जमिनीच्या वरचं पाणी पाहतो. शहापूर-मुरबाडच्या पोटात आहे काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. चार महिन्यांत धो धो पाऊस पडतो, पण कठीण खडक आणि तीव्र उतार यामुळे बरंचसं पाणी वाहून जातं. जे मुरतं ते खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात. एका विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी राहतं आणि शेजारच्या पाड्याची विहीर डिसेंबरातच तळ गाठते. हा फरक शंभर-दोनशे मीटरमध्ये पडतो.

भूजल 'पाहणारा' उपग्रह नाही का? आहे. २००२ मध्ये गेलेल्या 'ग्रेस' या उपग्रहजोडीनं पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजून भूजलाचे बदल टिपले. २०१८ पासून तेच काम तिची पुढची पिढी करते. पण तिचं चित्र काहीशे किलोमीटरच्या पट्ट्याचं असतं. पंजाब-हरियाणात भूजल किती उपसलं गेलं हे त्यातून कळतं. एका पाड्याच्या विहिरीबद्दल ती काहीच सांगू शकत नाही.

म्हणजे उपग्रह इथे निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. उंचसखलपणाचा नकाशा, खडकातल्या भेगांच्या रेषा, ओढ्यांचं जाळं आणि उन्हाळ्यातही हिरवे राहणारे छोटे ठिपके एकत्र पाहिले, तर बंधारा कुठे टिकेल आणि झरा कुठे असू शकेल याचा चांगला अंदाज येतो. मे महिन्यात सगळा डोंगर करपलेला असताना एखाद्या खोबणीत हिरवं दिसत असेल, तर तिथे ओल असण्याची शक्यता मोठी. फक्त तिथे जाऊन पाहावं लागतं. तलावाचं पाणी गावाला का मिळत नाही, याचं उत्तर मात्र चित्रात मिळणार नाही. कारण ते पाणी कोणासाठी राखून ठेवायचं हा निर्णय माणसांनी घेतलेला आहे.

जंगल: नेमकं कशाला म्हणायचं?

आता जंगलाकडे येऊ. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनांचा अहवाल काढते. २०२३ चा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. 'अमुक राज्यात जंगल वाढलं', 'तमुक जिल्ह्यात घटलं' या बातम्या यावरूनच येतात.

पण यातली 'वनाच्छादन' या शब्दाची व्याख्या बघा. किमान एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जमीन आणि तिच्यावर झाडांच्या माथ्यांची सावली १० टक्क्यांहून जास्त. बस्स. जमीन कोणाच्या मालकीची आहे, झाडं कोणती आहेत, ती लावलेली आहेत की आपोआप उगवलेली, याचा संबंध नाही. त्यामुळे आंब्याची मोठी बाग, बांबूचं बेट आणि तानसा अभयारण्यातला जुना साग-ऐनाचा पट्टा हे तिन्ही वनाच्छादनात मोजले जाऊ शकतात. १० ते ४० टक्के सावली असेल तर 'विरळ', ४० ते ७० टक्के 'मध्यम दाट' आणि ७० च्या वर 'अतिदाट'. दहाच्या खाली गेलं की 'खुरटं जंगल', आणि ते वनाच्छादनात धरत नाहीत.

इथे शहापूर-मुरबाडची एक खास अडचण आहे. इथलं बरंचसं जंगल पानझडी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोंगर नुसता हिरवागार. फेब्रुवारी उजाडला की साग उघडा पडू लागतो आणि एप्रिलमध्ये तोच डोंगर तपकिरी दिसतो. एकही झाड तोडलेलं नसतं. चित्राची तारीख न सांगता कोणी ऑक्टोबरचं आणि एप्रिलचं चित्र शेजारी लावलं, तर 'बघा, सहा महिन्यांत जंगल साफ!' असं सहज पटवून देता येईल. समाजमाध्यमांवर अशा जोड्या फिरतातही. वन सर्वेक्षण संस्था म्हणूनच पावसाळ्यानंतरच्या, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या चित्रांवर भर देते.

आणि पावसाळ्यात? चार महिने सह्याद्रीवर ढगांची चादर. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला तेव्हा फक्त पांढरं दिसतं. नेमकं याच काळात भाताची लावणी होते, ओढे फुटतात आणि दरडी कोसळतात.

त्यात 'वन' हा शब्द या भागात तीन अर्थांनी वापरला जातो. उपग्रहाला दिसतं ते वन एक. सरकारी दप्तरातलं वन दुसरं. त्यात झाड नसलेला माळही असू शकतो, कारण नोंद वनाची असते. ठाणे जिल्ह्यात १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्यामुळे अनेक सातबाऱ्यांवर अशा नोंदी आल्या आणि त्यांचे वाद वर्षानुवर्षं चालले. तिसरं वन लोकांचं. तिथून सरपण, रानभाज्या, मोहाची फुलं येतात आणि गुरं चरतात. हे तीन नकाशे एकमेकांवर ठेवले तर त्यांच्या रेषा जुळत नाहीत. भांडण तिथेच सुरू होतं.

दळीवरची नाचणी आणि २००५ चं चित्र

या सगळ्यात सर्वात जास्त पणाला लागलेली माणसं आहेत कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली समाजाची. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो.

रायगड-ठाण्याच्या पट्ट्यात इंग्रजांच्या काळापासून वनखात्यानं डोंगर उतारावरचे तुकडे आदिवासींना कसायला दिले. त्यांना 'दळी' म्हणतात. तिथे नाचणी, वरी अशी पिकं घेतात. ही शेती खाचरातल्या भातासारखी नसते. एक-दोन वर्षं पीक काढायचं, मग जमीन काही वर्षं पडीक ठेवायची. त्या काळात तिथे गवत वाढतं, झुडपं येतात. मधली मोठी झाडं तोडत नाहीत, त्यांच्या फांद्या तेवढ्या छाटतात.

आता वनहक्क कायदा पाहू. २००६ च्या या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ या तारखेला जी वनजमीन कुटुंब स्वतः कसत होतं, तिच्यावर हक्क मागता येतो. मर्यादा चार हेक्टरची. मग दावा तपासताना प्रश्न येतो की २००५ मध्ये तिथे शेत होतं का? अशा वेळी सोपा वाटणारा मार्ग म्हणजे त्या काळातलं उपग्रह चित्र काढून बघणं.

इथे थोडं गणित करू. वन सर्वेक्षणासाठी दीर्घकाळ वापरलेल्या भारतीय 'लिस-३' कॅमेऱ्याचा एक पिक्सेल २३.५ मीटरचा. त्याचं क्षेत्र ५५२ चौरस मीटर, म्हणजे साडेपाच गुंठे. समजा एखाद्या कातकरी कुटुंबाची दळी २० गुंठ्यांची आहे. अख्खं शेत बसलं जेमतेम चार पिक्सेलमध्ये. त्यातही कडेचा भाग शेजारच्या झाडीत मिसळतो. मध्ये दोन मोहाची झाडं असली आणि २००५ चं वर्ष नेमकं पडीकाचं असलं, तर ते चार पिक्सेल काय सांगणार? 'जंगल' किंवा 'खुरटं जंगल'.

चित्र खोटं बोलत नसतं. तिथे त्या दिवशी झुडपंच होती. पण ती झुडपं म्हणजे पडीक ठेवलेलं शेत, हे चित्राला कळत नाही. त्या वेळी २.५ मीटर बारकावा देणारा कार्टोसॅट-१ उपग्रह होता, तो मे २००५ मध्येच गेला होता. पण बारीक चित्रातही पडीक दळी आणि मोकळं रान यांतला फरक ओळखायला ती शेती माहीत असलेला माणूस लागतो.

कायद्यानं हा धोका ओळखला आहे. वनहक्क नियमांत पुराव्यांची मोठी यादी आहे. त्यात सरकारी नकाशे आणि उपग्रह चित्रं आहेत. शेताचे बांध, घरं, जुन्या पावत्या आहेत. आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं स्पष्ट केलं की उपग्रह चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. म्हणजे 'चित्रात शेत दिसत नाही' एवढ्या एकाच कारणावर दावा फेटाळणं नियमात बसत नाही.

गुजरातमध्ये हा वाद थेट न्यायालयात गेला. तिथे हजारो दावे उपग्रह चित्रांच्या आधारे फेटाळले गेले होते. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं अशा दाव्यांचा इतर पुरावे बघून फेरविचार करायला सांगितलं. विशेष म्हणजे तिथल्या नर्मदा जिल्ह्यातल्या गावकऱ्यांनी जीपीएस घेऊन स्वतःच शेतांच्या सीमा मोजल्या आणि त्या उपग्रह चित्रावर ठेवून आपला दावा मांडला. ज्या साधनानं दावा नाकारला, तेच साधन त्यांनी आपल्या बाजूनं वापरलं.

पुढे १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळले गेलेल्यांना वनजमिनीवरून हटवण्याचे आदेश दिले. सोबत वन सर्वेक्षण संस्थेनं अतिक्रमणांचं उपग्रह सर्वेक्षण करावं असंही सांगितलं. देशभर गदारोळ झाला आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. महाराष्ट्रात २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेनं फेटाळलेल्या दाव्यांवर अपील ऐकण्यासाठी विभागीय समित्या नेमल्या गेल्या. मुरबाड-शहापूरच्या एखाद्या पाड्यासाठी हा वाद थेट पोटाचा आहे. चार पिक्सेलचा अर्थ कसा लावला, यावर वर्षभराची नाचणी अवलंबून असते.

वणवा: ठिणगी दिसते, कारण दिसत नाही

जिथे उपग्रहाचा फायदा सरळ दिसतो, असं एक काम म्हणजे वणव्याची सूचना. २००४ पासून वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांना सापडलेल्या आगींची माहिती राज्यांच्या वनखात्यांना देते. आता या सूचना मोबाईलवर एसएमएसनं येतात. सामान्य नागरिकही त्यासाठी नोंदणी करू शकतो.

यात दोन प्रकारचे सेन्सर वापरतात. जुन्या 'मोडिस'चा पिक्सेल एक किलोमीटरचा, म्हणजे १०० हेक्टरचा. नव्या 'व्हीआयआयआरएस'चा ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टर किंवा ३५ एकर. आग छोटी असली तरी तिच्या उष्णतेमुळे ती सापडते. पण सूचनेत येणारा बिंदू हा त्या ३५ एकरांच्या चौकोनाचा असतो. आग त्यात नेमकी कुठे, हे जाऊनच बघावं लागतं.

फेब्रुवारी ते मे हा वणव्यांचा काळ. आणि याच उन्हाळ्यात इथला शेतकरी राब भाजतो. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, गवत, शेणी पसरून पेटवायची, ही कोकणातली जुनी रीत. वरून पाहणाऱ्याला राबाची आग आणि जंगलाच्या कडेला लागलेली आग यांत फरक करणं अवघड. वनरक्षक तिथे पोहोचला की दोन मिनिटांत कळतं. म्हणून सूचना जितक्या लवकर येईल तितकं चांगलं, पण ती म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे.

धरणाचं काम आणि तारीख असलेलं चित्र

उपग्रहाची नजर नेहमी गरिबाकडेच वळलेली असावी, असं काही नाही. ती प्रकल्पांकडेही वळवता येते.

मुरबाड तालुक्यातलं काळू धरण हे लक्षात राहणारं प्रकरण आहे. मुंबई महानगर प्रदेशाला पाणी देण्यासाठी हे धरण आखलं गेलं. त्यात सुमारे हजार हेक्टर वनजमीन जाणार होती. वनजमिनीसाठी आवश्यक मंजुरी मिळण्याआधीच काम सुरू झाल्याचा आक्षेप घेत श्रमिक मुक्ती संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये न्यायालयानं कामाला स्थगिती दिली. प्रकल्प मात्र विस्मरणात गेला नाही. महानगराच्या पाण्याची चर्चा निघाली की काळूचं नाव पुन्हा येतं.

अशा वादांत कळीचा प्रश्न असतो की काम कधी सुरू झालं आणि तेव्हा तिथे काय होतं. पूर्वी याचं उत्तर कागदोपत्री भांडणात अडकायचं. आज दर पाच दिवसांचं, तारीख-वार असलेलं चित्र कोणालाही काढता येतं. झाडी कधी साफ झाली, मातीचा भराव कोणत्या महिन्यात पडला, रस्ता कुठून फोडला, हे त्यात दिसतं. शहापूर तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग घ्या. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. हिरव्या डोंगरातून मातीचा पट्टा वर्षागणिक कसा पुढे सरकला, हे जुन्या चित्रांच्या रांगेत कोणीही पाहू शकतं. महामार्ग हवा की नको हा वेगळा प्रश्न. पण त्यासाठी काय बदललं याची नोंद आता फक्त सरकारी फाईलमध्ये राहिलेली नाही.

एका यादीत गाव आलं म्हणजे?

उपग्रहावर आधारित सगळ्यात मोठा निर्णय पश्चिम घाटाबाबत घातला आहे. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या समितीनं २०१३ मध्ये अहवाल दिला. उपग्रह चित्रांवरून तिनं घाटाचे दोन भाग केले: नैसर्गिक भूप्रदेश आणि माणसाच्या वावराचा, शेती-वस्तीचा भूप्रदेश. मग एकेक गाव घेऊन, त्यातलं किमान २० टक्के क्षेत्र संवेदनशील ठरत असेल तर ते गाव यादीत घातलं. अशा रीतीनं पश्चिम घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरला.

केंद्रानं यावर अधिसूचनेचे मसुदे काढले. वायनाडच्या भूस्खलनानंतर दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ ला सहावा मसुदा आला. त्यात सहा राज्यांतलं ५६ हजार ८०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र आहे. त्यातलं महाराष्ट्रातलं क्षेत्र १७ हजार चौरस किलोमीटरच्या पुढे. खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, मोठी बांधकामं यांवर बंधनं येतील असं मसुदा सांगतो.

गावातला विरोध अनेकदा एका साध्या प्रश्नातून येतो. '२० टक्क्यांसाठी अख्खं गाव का?' हा प्रश्न उपग्रहाचा नाही, रेषा कुठे आखायची याचा आहे. २० टक्के हा आकडा माणसांनी ठरवला. चित्र फक्त त्या आकड्याला लावलं गेलं. इतकी वर्षं मसुद्यावर मसुदे निघूनही निर्णय अडतो, त्यामागे हेच कारण आहे. नकाशा तयार झाला, पण गावाशी बोलणं पूर्ण झालेलं नाही.

'निसार'मुळे काय बदलेल?

निसारवर कॅमेरा नाही, रडार आहे. तो स्वतः रेडिओलहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी वाचतो. त्यामुळे ढग, अंधार, पाऊस यांचा अडथळा येत नाही. दोन वेगवेगळ्या लांबीच्या लहरी वापरणारा हा उपग्रह पृथ्वीचा जवळपास सगळा भूभाग दर १२ दिवसांत दोनदा पाहतो. 'एल' पट्ट्याचं रडार नासाचं, 'एस' पट्ट्याचं इस्रोचं. माहिती सगळ्यांना मोफत देण्याचं धोरण आहे.

शहापूर-मुरबाडसाठी याचा अर्थ काय? पहिली गोष्ट, पावसाळ्यात भाताचं क्षेत्र ढगाआडूनही मोजता येईल. दुसरी, झाडांच्या पानांत शिरणाऱ्या लांब लहरींमुळे जंगलात लाकूडफाटा किती आहे याचा अंदाज येईल. नुसत्या हिरव्या रंगावर विसंबावं लागणार नाही. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे जमीन काही सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी सरकली, तरी रडार ते पकडू शकतं.

माळशेज घाटाच्या परिसरात दरड कोसळणं नेहमीचं. घाटमाथ्यापलीकडे आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव ३० जुलै २०१४ ला गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. १९ जुलै २०२३ ला रायगडची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नावच नव्हतं, असं सरकारनं विधिमंडळात सांगितलं होतं. डोंगर हळूहळू सरकत असेल तर ते आधी ओळखण्याची शक्यता आता वाढली आहे. पण दाट झाडीचा उतार आणि एका रात्रीत कोसळणारा कडा यांच्यापुढे हे तंत्रही थकतं. आणि इशारा मिळाला तरी तो डोंगरावरच्या वाडीपर्यंत पोहोचवून, माणसांना सुरक्षित जागा देणारी यंत्रणा जमिनीवरच लागते.

तुमच्या गावाचं चित्र कोणी दाखवलं तर काय विचाराल?

उपग्रह चित्र समोर आलं की बरेच लोक गप्प होतात. 'अवकाशातून दिसतंय, म्हणजे खरंच असणार.' ग्रामसभेत, वनहक्क समितीत किंवा व्हॉट्सॲपवर असं चित्र आलं, तर हे पाच प्रश्न विचारायला हवेत.

१. चित्र कोणत्या तारखेचं आहे? पानझडी जंगलात महिना बदलला की चित्र बदलतं.

२. कोणत्या उपग्रहाचं आणि एक पिक्सेल किती मोठा? तुमचं शेत त्यात किती पिक्सेलचं भरतं, हा भागाकार तिथल्या तिथे करता येतो.

३. मूळ चित्र आहे की रंगवलेला नकाशा? 'जंगल', 'पडीक', 'शेती' हे रंग कोणीतरी दिलेले असतात. ते कोणत्या नियमानं दिले?

४. जागेवर जाऊन कोणी तपासलं का? कधी? सोबत गावातलं कोण होतं?

५. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची चित्रं कुठे आहेत? एका चित्रातून पडीक दळी जंगल वाटते. दहा वर्षांची रांग लावली की पेरणी आणि पडीक यांचं चक्र दिसू लागतं.

हे तपासायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. इस्रोचं 'भुवन', युरोपचं 'कोपर्निकस ब्राउझर' आणि संगणकावरच्या 'गूगल अर्थ'मधली जुन्या वर्षांची चित्रं मोफत आहेत. बारावी झालेली गावातली मुलगी चार दिवसांत हे शिकू शकते. शेताच्या कडेनं जीपीएस चालू ठेवून चालायचं, ती रेषा चित्रावर ठेवायची आणि शेजारी आजोबांचा जबाब जोडायचा. गुजरातच्या गावांनी हेच केलं.

आजवर या तंत्राचा प्रवाह एकाच दिशेनं वाहिला. चित्र वरून यायचं, नकाशा नागपूर किंवा डेहराडूनमध्ये बनायचा आणि गावाला थेट निर्णय कळायचा. चित्रं आता खुली आहेत, त्यामुळे दिशा बदलणं शक्य आहे. शहापूरचा एखादा पाडा आटणाऱ्या विहिरी स्वतः नकाशावर मांडू शकतो. मुरबाडची एखादी ग्रामसभा आपल्या सामूहिक वनाची दर महिन्याची नोंद ठेवू शकते. गुंठा गावाचाच आहे. त्याच्या पिक्सेलचा अर्थ लावताना गावाला विचारायचं की नाही, एवढंच आता ठरायचं आहे.